काजळीचा थर

राजाजीनगर, बंगळूर
८ नोव्हेंबर १९६४

चि. उमाकांत भावोजींस,
अनेक आशीर्वाद.

"वहिनी, काळं जेवढं घेतं तेवढंच देतं. चकचकीत भांडं दोन्ही बाबतींत चिक्कू," असं तुम्ही एकदा माझ्या स्वयंपाकघरात म्हणाला होता. एक घासलेला आणि एक काजळी धरलेला, अशा दोन तांब्यांत सारखंच कढत पाणी ओतलंत आणि थोड्या वेळाने मला बोट बुडवायला लावलंत. काळ्यातलं आधी निवलं होतं. मी म्हटलं, चला, भांडी न घासायला निमित्त मिळालं. किती हसला होता तुम्ही.

इकडे सर्व ठीक, असं लिहायला बसले होते. ठीक नाही. श्रावणात यांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली. शेजारच्या यल्लव्वा रोज "स्वल्प बरं आहे का" विचारतात, हे नुसते बघतात.

म्हणून आता मलाच सांगायला हवं.

आठ वर्षांपूर्वी तुमच्या प्रयोगाची ती तांब्याची पट्टी यांनी घासली नव्हती. कापराच्या ज्योतीवर धरून तुम्ही तिच्यावर काजळीचा सारखा थर चढवला होता. वर्षभराची मोजमापं त्याच थरावरची. खंडेनवमीला घरोघर हत्यारं-अवजारं पूजतात. आपल्या घरातली अवजारं म्हणजे तुमची उपकरणं. तुम्हाला यश यावं म्हणून मी ती मांडली. देवापुढे काळं कसं ठेवायचं, एवढंच मनात आलं. चिंच-मीठ लावून पट्टी लख्ख केली, वर कुंकू लावलं. तुम्ही इतकं समजावलेलं असूनही.

संध्याकाळी तुम्ही यांच्याकडे वळून म्हणालात, "अण्णा, मी हे प्रयोग सोडून कारखान्यात चिकटावं म्हणून घासलीस ना?" हे माझ्याकडे न बघता "हो" म्हणाले. मी दारातच उभी होते.

तुम्ही ट्रंक घेऊन गेल्यावर मी रडू लागले, तेव्हा यांनी समजावलं, "माझ्यावर रागावलाय, चालेल. तुझ्यावर रागावला तर त्याला आई कुठली?"

आठ वर्षं तुम्ही यांच्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाहीत. माझा दिवाळीचा डबा मात्र ठेवून घेत होता. तो परत येईल, या भीतीने मी गप्प राहिले. यांच्यापेक्षा मला तो डबा मोठा वाटला, भावोजी.

तुमचं हेब्बाळ इथून काही लांब नाही, शिवाजीनगरला बस बदलायची एवढंच. रविवारी या. मी समोर येणार नाही. यांचा डावा हात चालतो, तो धरा आणि "अण्णा, मला कळलं" एवढंच म्हणा. दोघांनी मिळून फसवलं, असं तुम्हाला वाटेल आणि तुम्ही येणार नाही, हे मी जाणते. तरी या.

तुमची, अजून म्हणू देत असाल तर,
वहिनी