चढाईच्या आदल्या दिवशी संकष्टी

४ मे, रविवार
पहिल्या मेट्रोने काश्मीरी गेट, तिथून ऑटोने रिजची टेकडी. हिंदूराव हॉस्पिटलच्या चढावर पाच फेऱ्या. पाठीवर आठ किलो: सहा बाटल्या पाणी आणि दोन किलो आटा, कारण घरात दुसरं काही जड सापडेना. ताई सरोजिनी नगरहून येऊन माझ्याआधी दोन फेऱ्या मारून बसलेल्या. नणंद माझी एकोणसाठची, मी एकावन्नची, आणि धापा मी टाकतेय. "अगं मीनल, तोंडाने नको, नाकाने श्वास घे." फिजिक्सच्या बाई. रिजवरच्या माकडांनासुद्धा रांगेत उभं करतील.

उतरताना मात्र गुडघे धरून, आडव्या पायांनी उतरतात. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, पावसाळ्यात दोन्ही गुडघे बदला. म्हणजे डोंगर कायमचे बंद. म्हणून जूनमध्येच शिखर.

शाळेच्या पोरांना घेऊन तीनदा हिमालयात गेल्या. तिन्ही वेळा कुणाचं तरी पोर आजारी पडलं आणि बाई त्याला घेऊन खाली. शिखर एकदाही नाही. आज म्हणाल्या, "या वेळी कुणाची पोरं नाहीत. मी माझी." मी म्हटलं, आणि मी? तर म्हणे, "तू काय पोर आहेस?"

२२ मे, गुरुवार
घोळ झालाय. तारखा ठरवताना माझी रजा पाहिली, ताईंची सुट्टी पाहिली, बस पाहिली. भिंतीवरचं कॅलेंडर तेवढं पाहिलं नाही. १४ जून, शनिवार, संकष्टी. बरोब्बर वरच्या कॅम्पचा दिवस. त्याच रात्री दोन वाजता शिखराकडे निघायचं.

नवऱ्याला, विनयला सांगितलं. तो म्हणतो, "गणपती तिथे हजेरी घ्यायला येणार आहे का? खा गपचूप." याला बोलायला काय जातं. ओंकार तीन वर्षांचा असताना न्यूमोनियाने अकरा दिवस अ‍ॅडमिट होता, तेव्हा धरलेली संकष्टी आहे ही. एकवीस वर्षांत एक चुकलेली नाही. आता तो बंगलोरला आहे, सहा फूट, जिममध्ये जातो, आईचा फोन उचलत नाही. तरी. चुकली आणि त्याला काही झालं तर? हसतील सगळे. हसू देत. मला भीती वाटते, झालं.

ताईंना सांगायचं नाही. मागे एकदा त्यांच्या घरी उपास निघाला तर रक्तातल्या साखरेवर अर्धा तास लेक्चर.

७ जून, शनिवार
सामान झालं. सहाची बस. विनय सोडायला. त्याने ताईंना विचारलं, "गुडघे?" ताई म्हणाल्या, "दोन आहेत अजून." मग मला हळूच, "उपासाचं काय ठरलं?" मी म्हटलं, बघू. म्हणजे काय ते त्याला कळलं असणार, लग्नाला सव्वीस वर्षं झाली. पण सुटणाऱ्या बसपाशी भांडण कोण काढणार.

१० जून, मंगळवार
चालणं सुरू. पहिला दिवस देवदाराच्या जंगलातून, सोपा. आम्ही दोघीच, बरोबर गाइड दलबीरभाई, एक स्वयंपाकी, दोन खेचरं. दलबीरभाई चाळिशीचे, कमी बोलतात. पण आज जेवण झाल्यावर समोर बसवून नियम सांगितला. "ऊपर गाइड मैं अकेला हूँ. एक उतरेगा तो सब उतरेंगे. बाद में मुझसे झगड़ना मत." ताई म्हणाल्या, "बिल्कुल. कोई झगड़ा नहीं." आणि माझ्याकडे पाहून हसल्या. मीही हसले.

दुसरी गोष्ट म्हणाले, खाओ. भूख लगे न लगे, खाओ. मी मान डोलावली.

१२ जून, गुरुवार
बेस कॅम्प. डोकं थोडं जड, बाकी ठीक. बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन पाहिला, माझा ताईंपेक्षा चांगला. त्यांना राग आला! खोटा. दुपारी सवय व्हावी म्हणून वर चढून परत आलो. ताई काठ्या टेकत टेकत, पण एकदाही थांबल्या नाहीत. वर जाऊन शिखराकडे बघत बसल्या, चहा गार झाला तरी. इतकी वर्षं ओळखते यांना. असा चेहरा कधी पाहिला नव्हता. लहान मुलीसारखा.

१४ जून, शनिवार
वरचा कॅम्प, तेरा हजार फूट. पेन चालेना, पेन्सिलीने लिहितेय.

केला उपास. सकाळपासून चहा आणि पाणी. पाणीही कमीच, बर्फासारखं आहे, घशाखाली उतरत नाही. सकाळी ताईंना म्हटलं, मी आधीच खाल्लं. दुपारी पराठा रुमालात. साडेपाचला खिचडी आली, दलबीरभाई समोर. दोन घास चमच्यावर नुसते फिरवले, ते उठले तशी पातेल्यात परत. चोरी करताना हात कापतात म्हणतात; माझे थंडीने कापत होते, सोय झाली.

माझा हिशेब असा: चंद्रोदय १० वाजून ७ मिनिटांनी. तेव्हा उठायचं, चंद्र बघायचा, दोन राजगिऱ्याचे लाडू आणि पराठा खायचा, झोपायचं. दोनला निघायचं. काय बिघडतंय? दिल्लीत उपास करून नऊ तास ऑफिस करते, वर घरी येऊन मोदक.

ताई झोपल्या. मी गजर लावलाय.

१५ जून, रविवार (बेस कॅम्प, संध्याकाळ)
उतरलो. सातशे फूट राहिले होते.

नीट लिहिते.

दहाला उठले. तंबूची चेन उघडली. चंद्र नाही. आभाळ स्वच्छ, चांदण्यांचा खच, पण पूर्वेला ती भिंत उभी डोंगराची. चंद्र त्याच्यामागे. कॅलेंडरवाल्यांना काय माहीत इथे डोंगर आहे. वेळ झाली की खायला चालतं, तेही मला माहीत आहे, घरी ढग असले की तसंच करते. पण काल वाटलं, एकवीस वर्षं केलं आणि इथे, एवढ्या जवळ येऊन, न बघता सोडायचं? पाच मिनिटं थांबू. मग अजून पाच. मग झोप लागली.

दीडला दलबीरभाईंनी उठवलं. पराठा दगड झालेला. चहा घेतला, तोही अर्धा. निघालो. शंभर पावलांवर चंद्र दिसला, डोंगराच्या वर आलेला. हात जोडले, लाडू तोंडात टाकला. चावताच येईना. गिळला तसा दहा मिनिटांत बाहेर. ताई पुढे होत्या, त्यांना दिसलं नाही.

त्यानंतरचं तुकड्यातुकड्यांनी आठवतंय. ताईंच्या दिव्याचा ठिपका वर. माझे पाय माझे नाहीत. मी बसले की मला बसवलं, आठवत नाही. दलबीरभाई विचारत होते, "दीदी, आज कौन-सा दिन है?" मी म्हटलं, संकष्टी. त्यांनी तोंडावर बॅटरी मारली आणि म्हणाले, "बस. नीचे."

ताई परत खाली आल्या. उजाडायला लागलं होतं. शिखर समोर, नुसतं हात लांब केला की... त्यांनी एकदा वर पाहिलं. दलबीरभाईंना एवढंच म्हणाल्या, "मौसम तो अच्छा है." त्यांनी माझी सॅक उचलली. मग ताईंनी माझ्या बुटांची नाडी घट्ट बांधली, खाली वाकून, त्या गुडघ्यांनी. आणि म्हणाल्या, "चल बाळा."

चौथ्यांदा.

१६ जून, सोमवार
अजून उतार. काल खाली येऊन तीन वाट्या खिचडी खाल्ली, झोपले, आज ठणठणीत. म्हणजे उंचीचं काही नव्हतंच. लाज वाटावी इतकी ठणठणीत.

ताईंचे गुडघे सुजलेत, शेवटचा टप्पा खेचरावर. वरून मला म्हणतात, "माझंच चुकलं. हट्ट माझा, आणि तुला ओढलं. तुला झेपणार नव्हतं ते मला कळायला हवं होतं." तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं होतं मी. पण खेचरवाला होता, दलबीरभाई होते. नाही, खोटं. कुणी नसतं तरी नसतं सांगितलं.

१९ जून, गुरुवार, फरीदाबाद
त्रेचाळीस डिग्री. ऑफिसात सगळे, "अरे वाह मॅम, समिट किया?" आठ वेळा नाही म्हणून सांगितलं. नवव्यांदा मौसम खराब था म्हटलं.

रात्री जेवताना विनयने विचारलं, "तू उपास केला नव्हतास ना?" छे, म्हटलं. भात वाढला त्याला. ओंकारचा फोन आला, स्वतःहून. बरा आहे. जिमच्या गप्पा. मला रडू आलं, तो म्हणाला, "आई, यार, ड्रामा नको."

२२ जून, रविवार
ताई आल्या. दारातच विनयला, "तुझ्या बायकोला मी मारलंच असतं रे." बसल्या-बसल्या पुण्याला फोन, नागपूरला फोन, सगळीकडे तेच: माझ्या हट्टापायी. मी आत पोहे करत होते. कांदा चिरत होते म्हणून बरं.

विनय म्हणाला, "ताई, पुढच्या वर्षी जा की परत." त्या म्हणाल्या, "नवीन गुडघ्यांनी?" आणि हसल्या. विनयला वाटलं खरंच हसल्या.

२ जुलै, बुधवार
दलबीरभाईंचा मेसेज. "दीदी तबीयत कैसी है. मुझे एक दिन और बेस पर रुकना चाहिए था. मेरी गलती." ताईंनाही पाठवलाय म्हणे.

आता हा पण! सगळी दुनिया माझी माफी मागतेय आणि मी राणीसारखी माफ करत बसलेय. ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. शनिवारी सांगणार. लिहून ठेवतेय म्हणजे पळता येणार नाही.

५ जुलै, शनिवार
सांगितलं.

सरोजिनी नगरला गेले. क्वार्टरमध्ये खोकी भरणं चाललंय, रिटायरमेंटनंतर जागा सोडायची. ताई चहा ठेवत होत्या. मी उभ्याउभ्याच एका दमात सगळं सांगितलं, पातेल्यात परत टाकलेल्या खिचडीसकट. त्यांनी गॅस बंद केला. चहा व्हायचा होता अजून.

"किती तास पोटात काही नव्हतं?"
"बत्तीस."
"पाणी?"
"लिटरभर. कमीच."
वर्गात उत्तर तपासावं तसं चाललेलं. गाळणी धुऊन जागेवर ठेवली. मग म्हणाल्या, "मग मी तीन आठवडे माफी कशाची मागत होते गं?"

मी ओंकारचं सांगायला लागले, न्यूमोनिया, अकरा दिवस, तर म्हणाल्या, "मला माहीत आहे. रात्री त्याच्याजवळ मीच बसायचे." खरंच बसायच्या. मी ते विसरले होते.

"मला सांगितलं असतंस तर एक दिवस पुढे ढकललं असतं. रविवारी खाल्लं असतंस पोटभर, सोमवारी गेलो असतो. एवढंच तर होतं." ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं. मग म्हणाल्या, "दलबीरला फोन लाव. आत्ता. तो बिचारा आपली चूक समजतोय." लावला. त्यांच्यासमोरच सांगितलं. ते म्हणाले, "कोई बात नहीं दीदी. पर बोलना चाहिए था."

निघताना त्या दारापर्यंत आल्या नाहीत. खोक्यांवर नावं लिहीत होत्या.

घरी विनयलाही सांगितलं. तो म्हणाला, "मला वाटलंच होतं." मग का नाही बोललास? तर म्हणे, "तू छे म्हणालीस ना." 

१३ जुलै, रविवार
आठ दिवस ताईंचा फोन नाही. विनयशी बोलतात, माझी चौकशी नाही. ऑपरेशनची तारीख मिळाली, १८ ऑगस्ट. दवाखान्यात आठ दिवस सोबत राहायला मी जायचं, असं मार्चपासून ठरलेलं होतं. आता कुणी त्याचं नाव काढत नाही.

उद्या परत संकष्टी. करणार की नाही, अजून ठरवलं नाही. पहिल्यांदाच असं झालंय.

दुपारी ताईंना मेसेज केला. तीनदा खोडून शेवटी इतकाच: "ऑपरेशनला मी येऊ ना?" लगेच वाचला गेला. उत्तर नाही. भांडी घासली, कपडे वाळत घातले, फोन तीनदा पाहिला.

तासाभराने आलं. "आलीस तर जेवून ये."

हे हो आहे की नाही, विनयला दाखवून विचारलं. दोनदा वाचलं त्याने. म्हणाला, तुमचं तुम्ही बघा.