नकाशात न मावलेली नावं

१० फेब्रुवारी, सोमवार
पोचले बाई एकदाची दिल्लीत! नकाशे करणारं माझं नवं ऑफिस द्वारकेतल्या एका कोठीच्या, म्हणजे बंगल्याच्या, तळमजल्यावर आणि गच्चीवरची खोली माझं बिऱ्हाड. मागच्याच गल्लीत मुलींचा पीजी, त्यात माझी धाकटी बहीण प्रणिता, यूपीएससीच्या पुस्तकांत बुडालेली. आईला फोनवर म्हटलं, आता तुझं शेंडेफळ माझ्या नजरेसमोर आहे, घोर सोड. ऑफिसचे मालक अविनाश सर मूळचे पुण्याचे, पण बोलणं ‘अच्छा’नं सुरू होऊन ‘बिल्कुल’वर संपतं. एका बिल्डरसाठी या परिसराचा नकाशा करायचाय.

११ फेब्रुवारी
सरांनी रीत शिकवली. मोठ्या जागेला मोठी अक्षरं, दुकानांना बारीक. पाण्याचं नाव निळं नि तिरकं. दोन नावं एकमेकांवर चढली तर बारीक नाव काढून टाकायचं. मी म्हटलं, सरकवून बसवते की! तर म्हणाले, जागा नाही तिथे हट्ट नको. शाळेच्या नावाखाली ‘कमला टेलर्स’ येत होतं. काढलं. सकाळीच तिच्याकडे ब्लाउज शिवायला टाकलाय. नकाशा मात्र छान मोकळा दिसतोय.

१३ फेब्रुवारी
ब्लाउज आणायला गेले, तर दुकानाच्या जागी भिंत. जुनी, पानाच्या पिचकाऱ्यांनी रंगलेली. शेजारचा इस्त्रीवाला म्हणतो, बारा वर्षं इथे आहे, कमला नावाची कुणी टेलर पाहिलीच नाही. माझ्याजवळची पावती कोरी. माझा नवाकोरा ब्लाउज गेला ना!

१४ फेब्रुवारी
शाळेचं नाव काढून कमलाचं परत बसवलं नि धावत बघायला गेले. कमला मशीनवर बसलेली. पण समोर शाळा नाही, नुसतं गवत. एक पोर नाही. घाबरून सगळं होतं तसं केलं. शाळा आली, कमला गेली. सरांना सांगितलं तर ते पांढरे पडले. म्हणाले, काढलेली नावं आठवत बसायची नसतात.

१७ फेब्रुवारी
बिल्डरला मॉलचं नाव आणखी मोठं हवं होतं. सरांनी ते गल्लीभर ताणलं, फाइलीतल्या मोठ्या नावांना कुलूप घातलं आणि दिल्लीबाहेर मानेसरला गेले. आता फक्त बारीक नावंच हलतात. मॉलच्या नावाखाली पीजीचं नाव गेलंय — मी धावले — मागे रिकामा प्लॉट. प्रणिताचा नंबर अस्तित्वात नाही. आईला फोन केला. आई म्हणाली, कोण प्रणिता? तू तर एकुलती एक.
आई गं.

१८ फेब्रुवारी, सकाळ
एकच जागा उरलीय. आमच्या ऑफिसच्या बारीक नावाची. ते काढलं तर पीजी मावतो. सर उद्या येणार. त्यांचं काय होईल — देवा, मला माफ कर. आणि माझं —
काढलं.

दुपार
पार्कातल्या बाकावर आहे. कोठी नाही. पण पीजी आहे! आणि प्रणी निघाली बघ, पाठीला सॅक, स्वेटर न घालता. नेहमीचंच. ओरडले, अगं कार्टे, गारठा आहे, स्वेटर घाल! वळली. जवळ आली. हिंदीत, अगदी अदबीनं विचारलं, आपण कोण. मी म्हटलं, अगं वेडे, मी तुझी