शेवटचा भाग एकट्याने बघायचा नाही

३ मार्च, सोमवार

आजपासून शिस्त. रोज लिहायचं, थोडक्यात लिहायचं, विषय सोडायचा नाही.

विषय: क्राइम सिरीज बघण्यालायक कशामुळे होते. यावर व्हिडिओ चॅनल काढणार आहे. माझ्याएवढ्या सिरीज आमच्या ओळखीत कोणी बघितलेल्या नाहीत. ताई म्हणते, तू शाळेपेक्षा पोलीस चौकशीच्या खोलीत जास्त बसलायस. ती टोमणा म्हणून म्हणते, मी अनुभव म्हणून घेतो.

नियम पहिला: खुनी पहिल्या भागातच दिसला पाहिजे. शेवटी कुठून तरी जुळा भाऊ आणून उभा केला तर लेखकावरच गुन्हा दाखल करावा.

नियम दुसरा लिहायला घेतला, तेवढ्यात समोरच्या गॅलरीत एक माणूस खुर्चीचा पाय चिकटवायला बसला. पायाबरोबर स्वतःची पँटही चिकटवून घेतली. बायकोने कात्री आणेपर्यंत बघावं लागलं. उद्या.

४ मार्च

चॅनल मी एकटा काढणार नाही. इन्स्पेक्टर बरोबर असणार. इन्स्पेक्टर म्हणजे ती. मला ती हवालदार म्हणते. दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते. समोरचा थापा मारतोय हे तिला तो खुर्चीवर बसायच्या आत कळतं.

सध्या आमच्यात गॅप आहे. ब्रेकअप नाही. दोन सीझनच्या मध्ये असतो तसा गॅप. झालं इतकंच की गेल्या महिन्यात तिच्या आईवडिलांकडे जेवायला जायचं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून निघालो होतो. वाटेत नाल्यात पडलेली बस क्रेनने वर काढत होते. असं काही रोज दिसत नाही. बस रस्त्यावर आली तोवर दिवे लागले होते. फोन केला तर म्हणाली, आईने सगळं झाकून ठेवलं होतं, आता काढून ठेवलं. मग म्हणाली, आपण थांबू या.

बसचं तिला नीट सांगताच आलं नाही. भेटल्यावर सांगेन. चाकं वर आणि वायपर चालू, असा सीन होता.

आमचा करार: आमच्या सिरीजचा एकही भाग एकट्याने बघायचा नाही. प्रत्येक भागाच्या मध्यावर ती पॉज करते आणि विचारते, बोल हवालदार, संशय कोणावर? ज्याचं चुकेल त्याने चहा करायचा. चहा कायम मीच केला, कारण माझ्या हातचा चांगला होतो.

शेवटच्या सीझनचे पहिले दोनच भाग बघून झालेत. पुढच्यांना मी हात लावलेला नाही. सिरीज बघायचं अकाउंट तिचं, पासवर्ड अजून माझ्याकडे. तिला बदलायचाच असता तर बदलला असता ना?

६ मार्च

टीव्हीच्या शोरूममध्ये लागून आठवडा झाला. याआधी पेट्रोल पंप, त्याआधी ट्रकवर क्लीनर, त्याआधी कुत्री फिरवायचं काम (कुत्र्यांनी सोडवलं). पण ही नोकरी म्हणजे माझ्यासाठीच काढलेली. भिंतभर टीव्ही, आणि दिवसभर बघितलं तरी पगार.

कंपनीचा डेमो व्हिडिओ म्हणजे फुलं, धबधबा, पोपट. पोपटावरून गिऱ्हाइकाला काय कळणार? मोठ्या टीव्हीवर आमच्या अकाउंटवरून क्राइम सिरीज लावली. जुन्या, बघून झालेल्या. करार पाळून.

एक नवरा-बायको बराच वेळ समोर उभे राहिले. मला वाटलं रंगलेत. बाईंनी विचारलं, हा चालू आहे का? तळघराचा सीन होता. मालक धावत आले, पोपट लावला आणि मला गोडाऊनमध्ये नेऊन म्हणाले, अरे बाबा, अंधार दाखवून टीव्ही कोण विकतं?

नियम दुसरा: चांगल्या सिरीजमध्ये अंधार असतोच. मालकांना ते कळायला वेळ लागेल.

८ मार्च

अकाउंटवर तिसऱ्या भागाखाली बघितल्याची लाल रेघ. अर्ध्यापर्यंत.

निष्कर्ष: दुसरा भाग परत बघता बघता तिला झोप लागली आणि तिसरा आपोआप सुरू झाला. ती झोपते तेव्हा रिमोट उशीखाली असतो. दबला असणार.

तिला काही बोलणार नाही. उगाच वाईट वाटेल तिला.

९ मार्च, रविवार

रेघ पाचव्या भागावर. उशी जाड असेल.

भाऊजींनी सकाळी सोफ्यावरचं माझं पांघरूण घडी करून कपाटात ठेवलं. स्वतःच्या हाताने. म्हणाले, नोकरी लागली, आता खोली बघ. ताई म्हणाली, बघेल हो, त्याला आंघोळ तरी करू द्या. भाऊजी म्हणाले, मी काय, सोफ्यावर बसायचं म्हणत होतो. माझ्याच.

संकल्प: या आठवड्यात खोली बघणे. दोघांना पुरेल अशी.

नियमांवर काम. इन्स्पेक्टरचं मत मी एकदा विचारलं होतं. आम्ही एक सिरीज बघत होतो, त्यात पोरगी मेल्यावर तिचा बाप रोज तिची सायकल धुतो. ती रडायला लागली. मी म्हटलं, अगं, अजून खुनी कुठे सापडलाय? तर म्हणाली, खुनी सापडो नाहीतर न सापडो रे. जेवायला बसल्यावर घरात कोणाची खुर्ची रिकामी राहिली, मी तेवढंच बघते.

हा काही तांत्रिक मुद्दा नाही. नियमांत घेतला नाही.

११ मार्च

आज कृती. दवाखान्यात गेलो. सरळ भेटायला गेलो तर मान खाली होते, म्हणून दाढ दुखतेय असं ठरवलं. गाल धरूनच आत शिरलो.

काउंटरवर दुसरीच मुलगी. म्हणाली, आधीच्या ताईंनी गेल्या आठवड्यातच सोडलं. का, ते मला नाही माहीत, मी नवीन आहे. तुमचं वय?

परत फिरणार तेवढ्यात डॉक्टरांनी आत घेतलं. दाढा खरंच किडलेल्या निघाल्या. दोन. एक भरली, दुसरीसाठी पुढच्या आठवड्यात बोलावलंय. अर्धा जबडा बधिर. बसस्टॉपवर एका आजोबांनी पत्ता विचारला, मी नीट सांगितला, ते घाबरून पुढे गेले.

निष्कर्ष: तिने नोकरी सोडली. माझ्याशिवाय मन लागत नसणार. अशा वेळी माणूस सगळंच सोडतो. मीही सोडलेत जॉब, आणि तेव्हा तर मन लागत होतं.

१३ मार्च

ताई बाजारातून आली आणि पिशवी न ठेवताच म्हणाली, खाली बस. मी बसलेलोच होतो. म्हणाली, तिची आई भेटली. तिचं लग्न ठरलंय. मुलगा चांगला आहे, दुसऱ्या शहरात असतो, सध्या रजेवर इथेच आलाय, महिनाअखेरीस जाणार ती.

मी हसलो. ताईला सिरीजचा अभ्यास नाही. नियम तिसरा: मध्यावर जो पुरावा आपणहून चालत हातात येतो, तो हमखास खोटा असतो. प्रेक्षकाला भलतीकडे न्यायला ठेवलेला असतो. तिची आई मला कधीपासून टाळतेय. म्हणजे मुद्दाम बाजारात गाठून सांगितलं. उघड आहे.

ताईला हे समजावून सांगितलं. माझ्या ताटात तिने न विचारता दोनदा वाढलं. भाऊजींनी सोफ्यावर पांघरूण परत आणून ठेवलं. ते मला जरा खटकलं.

१५ मार्च

अकाउंटवर नवीन प्रोफाइल. नाव: घर. चित्र: पिवळी मांजर.

तिच्या आईचं असणार. बायकांना मांजर आवडते. आत जाऊन बघितलं (तपासात खासगी असं काही नसतं). आमचीच सिरीज. पण पहिल्या सीझनपासून. पहिला भाग पूर्ण, दुसरा पूर्ण, तिसरा अर्धा.

आईला क्राइम सोसत नाही. तिनेच सांगितलं होतं, बातम्यांत अपघात दिसला तरी आई उठून जाते.

मग कोण?

निष्कर्ष: तीच. जुने दिवस आठवतेय. पहिल्यापासून. नवीन प्रोफाइल का, तर तिच्या नेहमीच्या प्रोफाइलवर मला दिसेल म्हणून. लाजते.

दिवसभर छान गेला. शोरूममध्ये एका म्हाताऱ्या जोडप्याला पोपटावर टीव्ही विकला. मालक म्हणाले, बघ, जमतंय की.

१८ मार्च

दुपारी शोरूम रिकामं. मोठ्या टीव्हीवर पिवळी मांजर उघडून बसलो. चौथा भाग. रेघ मध्यावर येऊन थांबलेली. बरोब्बर तिथे, जिथे ती पॉज करते. मी स्क्रीन बंद करून परत उघडली. तिथेच. गोडाऊनमधून दोन खोकी आणली, परत उघडली. तिथेच. मग हळूच पुढे सरकली.

एवढा वेळ काय चाललं असेल? चहा झाला असेल.

एकट्या माणसाला पॉज कशाला लागतो?

तर, ती मनातल्या मनात मला विचारत असणार. बोल हवालदार. मी तिथल्या तिथे उत्तर दिलं. मोठ्याने. बिल करायला आलेल्या गिऱ्हाइकाला वाटलं, त्याच्यावर संशय घेतला. मालकांनी त्याला पाणी दिलं.

२० मार्च

मालकांनी जायला सांगितलं. ओरडले वगैरे नाहीत. ओरडले असते तर बरं.

एक कुटुंब आलं होतं, सगळ्यांत मोठा टीव्ही घ्यायच्या तयारीने. मी म्हटलं, एकच सीन दाखवतो, काळा रंग बघा. प्ले दाबलं तर स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत आलं की या अकाउंटवर सध्या दुसऱ्या स्क्रीनवर कोणीतरी बघत आहे. म्हणजे ती. आत्ता. या क्षणी. मी टीव्हीसमोरून हललो नाही. त्या घरातल्या आजी म्हणाल्या, काय झालं रे, कोणाचं काय लिहिलंय? मी म्हटलं, माझ्या माणसाचं. त्या म्हणाल्या, मग बस जरा. मी डेमोच्या सोफ्यावर बसलो. कुटुंब निघून गेलं तेही कळलं नाही.

मालक म्हणाले, पोरा, तू वाईट नाहीस. पण तू इथे नसतोसच.

तसा जॉब मला सोडायचाच होता. चॅनलला वेळ मिळेना.

२१ मार्च

नियमांवर दिवसभर काम. एकही लिहून झाला नाही. दुसरी दाढ भरायची तारीख गेली. ती आपोआप दुखू लागली आहे.

संकल्प: तिला फोन करणे. काय बोलायचं ते आधी लिहून काढणे. बसपासून सुरुवात करावी की नको?

२२ मार्च

नको.

२३ मार्च, रविवार, सकाळ

तिचाच फोन आला. आधी फोनवर एक मेसेज टिंग करून आला, आणि मागोमाग ती. भाऊजी सोफ्याच्या एका टोकाला पेपर वाचत होते, ते उठून आत गेले.

म्हणाली, कसा आहेस? म्हटलं, मजेत. म्हणाली, एक कोड आला असेल बघ. अकाउंट उघडलं तेव्हा तिचा फोन दुरुस्तीला होता, म्हणून नंबर माझा टाकला होता. आता तिला स्वतःचा टाकून पासवर्ड बदलायचा होता. तो कोड सांगितल्याशिवाय होत नाही.

मी सांगू लागलो. एकेक आकडा, मध्ये थांबून. तिने प्रत्येक आकडा माझ्या मागून म्हटला. मी इतका हळू सांगितला की शेवटचा आकडा येईपर्यंत कोडची मुदत गेली. ती म्हणाली, अरे, परत पाठवते, लक्ष दे हं. दुसरा आला. या वेळी नीट सांगितला. झालं, म्हणाली.

मी विचारलं, ताई म्हणते ते खरं का? ती हो म्हणाली. मी म्हटलं, छान. चांगला आहे का? म्हणाली, वेळेवर येतो.

मी म्हटलं, शेवटचा भाग बघितलास? म्हणाली, हो रे. मग म्हणाली, तू? मी म्हटलं, नाही, करार होता ना. मग हळू म्हणाली, अरे वेड्या, बघायचास की.

म्हटलं, आता कुठून बघू? तूच सांग, कोण होतं? तिने सांगितलं. डॉक्टर. सगळ्यांना औषध देत फिरणारा, गोड बोलणारा. माझ्या डोक्यात आत्तापर्यंत ड्रायव्हर होता.

मी म्हटलं, मला पहिल्या भागापासून त्याचाच संशय होता.

हो का, म्हणाली. नाक ओढल्यासारखा आवाज आला, सर्दी असेल. मी बसचं सांगायला घेतलं, की चाकं वर होती आणि वायपर नुसतेच चालू. ती ऐकत होती. तेवढ्यात तिकडे कोणीतरी तिला हाक मारली, चल ना, पुढचा भाग लावलाय मी.

आले, म्हणाली.