दोनदा पुकारलेली गाडी

अण्णा, तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. परवा आईला भेटायला गावी आले, तेव्हा स्टँडवर उतरल्या उतरल्या सवयीनं तुमच्या चौकशीच्या खिडकीकडे बघितलं. आता गाड्या एका रेकॉर्ड केलेल्या आवाजात पुकारतात. बाईचा आवाज आहे, स्वच्छ, कुठल्याच गावचा नसलेला. मी बाकावर जरा वेळ बसले आणि मनात आलं, मी पोटापाण्यासाठी नक्की काय करते हे तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. तुम्ही होतात तोवर मी शिकतच होते, आणि तुम्ही लोकांना सांगायचात, "पोरगी भाषेचं कायतरी करती." तर आता सांगते. माणसं एकमेकांशी बोलतात, ते मी त्यांना विचारून टेप करते आणि पुन्हा पुन्हा ऐकून लिहून काढते. कोण कुठं थांबलं, कुणी कुणाला मध्येच तोडलं, कुठला शब्द कुणी ओढून म्हटला, सगळं. पाच मिनिटांचं बोलणं उतरवायला माझा आख्खा दिवस जातो. तुम्ही हसला असतात.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी तुमचा डबा घेऊन केबिनमध्ये यायची. लोखंडी खुर्ची, वेळापत्रकाचा फळा, माईकवर धूळ बसू नये म्हणून टाकलेला तुमचा रुमाल. तुम्ही रुमाल काढायचात, घसा साफ करायचात आणि एकदम दुसरेच कुणी व्हायचात. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. अंबाजोगाई मार्गे घाटनांदूरकडे जाणारी बस फलाट क्रमांक तीनवर उभी आहे." मग एक श्वास, आणि त्याच माईकवर घरातला आवाज, "घाटनांदूरवाले, चला. लिंबाखालची गाडी बरं का. पळू नका मावशी, जागा लई हाय." मी एकदा विचारलं, "अण्णा, दोन-दोनदा कावून सांगता?" तुम्ही भाकरीचा तुकडा मोडत म्हणालात, "पयलं सायबासाठी, दुसरं बसणाऱ्यासाठी."

मग एकदा तो साहेब खरोखरच आला. तपासणीला आलेला, कडक इस्त्रीचा. त्यानं तुमचं दुसरं पुकारणं ऐकलं आणि खिडकीशी उभ्या लोकांसमोरच तुम्हाला म्हणाला, "हा काय बाजार आहे? छापील आहे तेवढंच बोलायचं." तुम्ही मान हलवलीत. त्या आठवड्यात जेवताना तुम्ही मागून काही घेतलं नाही, हे आईच्या लक्षात आलं होतं. चार दिवस तुम्ही फक्त छापील पुकारलंत. पुढच्या शनिवारी मी केबिनमध्ये असताना एक म्हातारी खिडकीशी आली. काखेत नवी गोधडी, हातात लाडवाचा डबा. शिरूर कासारला लेक बाळंत झाली होती. "ल्येका, शिरूरची गाडी कवा यायची?" गाडी येऊन, अर्धा तास थांबून, निघून गेली होती, आणि तिकडची ती दिवसातली एकच सरळ गाडी. तुम्ही म्हणालात, "आवं मावशी, पुकारलं की मी. ऐकू आलं न्हाई का?" ती म्हणाली, "आलं की. पर ते रेडिओवानी चाललंतं. मला कुणी म्हणलंच न्हाई, चल म्हणून."

तुम्ही तसेच उठलात. खिडकी एका कंडक्टरच्या हवाली केलीत, नाक्यावर ओळखीची जीप अडवलीत आणि पुढच्या गावात गाडी गाठून द्यायला सांगून म्हातारीला पुढच्या सीटवर बसवलंत. परत आलात तेव्हा धारूरची गाडी आत येत होती. तुम्ही रुमाल काढला, छापील म्हणालात, एक श्वास घेतलात, आणि मग, "चला धारूरवाले, आपली गाडी आली." पुढे खुलासा मागणारं पत्र आलं. त्याचं उत्तर तुम्ही मला वाचून दाखवलंत. एकच ओळ होती, ‘प्रवाशास कळेल असे सांगितले.’ त्यावर पुन्हा कुणी काही विचारलं नाही. म्हातारीचं ते वाक्य मी आज कॉलेजात शिकवताना वर्गात मुलींना सांगते. आवाज कानावर पडला म्हणजे कुणी आपल्याशी बोललं असं होत नाही, हे मला कुठल्या पुस्तकाच्याही आधी तिनं शिकवलं.

शिकले म्हणावं तर कॉलेजात जाऊन विसरलेही. पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत मी शहरातून आले ती जीभ धुऊन आल्यासारखी. आई चुलीशी बसलेली. डब्यात हात घालून म्हणाली, "पीठ न्हाई उरलं." मी म्हटलं, "आई, न्हाई काय म्हणतेस सारखं? नाही म्हण." आईनं डब्याचं झाकण लावलं. वाढताना नुसती मानेनं विचारायला लागली, हवं का नको. तुम्ही हात धुवून आलात आणि माझ्यासमोर उभे राहिलात. "पीठ न्हाई, हे कळलं का तुला?" मी म्हटलं, "कळलं." "मग गिरणीत जायाचं सोडून तिचं त्वांड कावून धरलंस?" ज्वारीचा डबा तुम्ही स्वतः माझ्या डोक्यावर ठेवलात. भर दुपारी मी गिरणीत गेले. आधी राग आला होता, परत येताना लाज वाटत होती. आई त्यानंतरचे दोन दिवस माझ्याशी शब्द निवडून बोलली, आणि ती शिक्षा डब्यापेक्षा जड होती.

गेल्या वर्षी मी एका सरकारी दवाखान्यात बसून डॉक्टर आणि पेशंटचं बोलणं टेप करत होते. डॉक्टर तरुण मुलगी, बाहेरच्या जिल्ह्यातली, कामसू. समोर ऊसतोडीहून परतलेली एक बाई. "कंबर कधीपासून दुखते?" "कारखान्याला गेलतो तवाचं हाय." "म्हणजे किती महिने?" बाई बोटांवर मोजायला लागली. "अंदाजे तारीख सांगा." बाई जमिनीकडे बघत राहिली. डॉक्टरनं गोळ्या लिहिल्या, बाई गेली. मी तिथंच होते, मलाही यापलीकडे काही ऐकू आलं नाही. पण टेप तिसऱ्यांदा ऐकताना, कागदावर पेन चालत असताना, बाईचा अगदी खालचा आवाज सापडला, "मोळी घिऊन ट्रॅक्टरवर चढताना पडले, तवापसून." मी ते डॉक्टरला नेऊन ऐकवलं. तिनं कानातून वायरी काढल्या आणि म्हणाली, "मॅडम, हे तिनं माझ्यासमोर सांगितलं होतं?" तिनं निरोप धाडून बाईला परत बोलावलं, फोटो काढला, मणक्याला जुनी चीर निघाली. यंदा ती बाई तोडीला गेली नाही. आता ती डॉक्टर पेन खाली ठेवून विचारते, "कारखान्याला जायच्या आधीचं का नंतरचं?" आणि बायका भडाभडा सांगतात.

या कामाबद्दल माझं कौतुक होतं, अण्णा, आणि तेव्हा मला तुमचे शेवटचे आठ महिने आठवतात. झटक्यानं उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. सगळ्या भाषेतून एकच शब्द तुमच्याकडे राहिला, ‘लागली’. भूक लागली, तहान लागली, झोप लागली, ठेच लागली, सगळं त्याच एका शब्दात. मी तेव्हा भाषेवर मोठमोठं वाचत होते आणि मला काही कळत नव्हतं. आई मात्र स्वयंपाकघरातून न बघता ओळखायची. "आता भूक न्हाई म्हनायलेत ते, पाय अवघडलाय." कसं कळतं विचारलं तर म्हणायची, "आवाज खाली उतरतो की त्यांचा. ऐक जरा." मी ऐकायची, आणि तुमच्या वतीनं घाईनं वाक्य पुरं करायची. तुम्ही डोळे मिटून घ्यायचात.

हे पत्र कुणाला दाखवायचं नाही, म्हणून एवढं लिहून ठेवते. त्या दिवशी दुपारी आई गिरणीत गेली होती. तुम्ही माझा हात धरून "लागली, लागली" म्हणालात, कितीतरी वेळा, आधी कधी न ऐकलेल्या आवाजात, खालच्या आणि सावकाश. मी म्हटलं, "हो अण्णा, समजलं," आणि पाणी पाजलं. तुम्ही एक घोट घेतलात, बाकीचं ओठांवरून ओघळलं. आई येण्याआधीच तुम्ही गेलात. मी सगळ्यांना सांगितलं, शेवटी त्यांनी पाणी मागितलं आणि ते माझ्या हातून प्याले. आई आजही येणाऱ्याजाणाऱ्याला तेच सांगते आणि तिला बरं वाटतं. तुम्ही पाणी मागत नव्हतात, एवढं मला तेव्हाही कळलं होतं. काय म्हणत होतात, ते मी विचारलं नाही.