काळ्या पत्त्याचा नियम

ड्युनेडिन, मंगळवार

प्रिय हाविली,

तुझ्या पत्रातली ती एक ओळ वाचली आणि चहा तसाच गार झाला. तुझ्या आई गेल्या, आणि शेवटपर्यंत विचारत राहिल्या, "तिकडं असं काय चुकलं रे तुझं, की नोकरी गेली?" तू काय उत्तर द्यायचास, ते लिहिलं नाहीस. शनिवारपासून ते पत्र पर्समध्ये घेऊन फिरतेय.

वर्गातला आपला पत्त्यांचा खेळ अजून चालतो बरं का. पोरं अजूनही गटागटानं पत्ते मांडून बोटीच्या तिकिटांचं सॉफ्टवेअर बांधतात, तपासणीची फेरी हमखास टाळतात आणि शेवटी बिघाडाचा काळा पत्ता उघडला की एकमेकांकडं बघत बसतात. तुझा नियम मी बदलला नाही: ज्याची चूक, त्यानं हात वर करून "ही माझी" म्हणायचं, मग गटाला गमावलेली एक फेरी परत मिळणार. तुमच्या टोंगात चर्चमध्ये गाताना ज्याचा सूर चुकतो तो आपणहून हात वर करतो, म्हणजे बाकीच्यांना शोधत बसावं लागत नाही, असं तू सांगायचास. मी चिडवायचे, "मग तुझा हात सारखा वरच असेल!" केवढा हसायचास!

काल इझी नावाच्या पोरीनं असाच हात वर केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पण मला हात उचलवेनात.

तुला आठवतच असेल. खेळाचे गुण मोजणाऱ्या प्रोग्रॅमनं शेवटची फेरी धरलीच नाही, नऊ पोरं नापास झाली, त्यातला एक तर शिक्षणच सोडून गेला. बैठकीत विभागप्रमुखांनी विचारलं, "कुणाचं काम हे?" तू एकदा माझ्याकडं पाहिलंस. मी खिडकीबाहेर बघत राहिले. मग तू म्हणालास, "विषय माझा, जबाबदारी माझी." तो भाग मी लिहिला होता, हाविली. सुट्टीवर निघायची घाई होती, म्हणून न तपासताच देऊन टाकला. सात वर्षं पोरांना हात वर करायला शिकवतेय मी! माझी मलाच लाज वाटते रे.

आज सकाळी विभागप्रमुखांना सगळं लेखी दिलं. त्याची प्रत सोबत आहे, तुमच्या भाषेत करून घेतलेली. आईंना कळायला हवं होतं, आणि मी उशीर केला. तुमच्या रीतीनं गोधडी टांगलेल्या त्यांच्या थडग्यापाशी ती प्रत तेवढी मोठ्यानं वाच. ही माझी.

तुझीच,
ब्रॉनवेन