‘तयार’ नावाचा फोल्डर

३ एप्रिल २०२५, गुरुवार

मेल भरला! काल दुपारपासून गिऱ्हाइकांचे फोटो माघारी जातायत आणि मी इकडे त्यांच्याच नावाने खडे फोडत बसलेय. शेवटी एका नवरीच्या मामाने फोन केला — "ताई, तुमचा मेल फुल झालाय, काय घेतच न्हाई." पत्रिका उद्या छापायला जायची आहे!

त्यात कॉम्प्युटर. सकाळी चालू केला तर आतून कडकड आवाज. सुप्याहून कॉम्प्युटरवाल्या आसिफभाईंना बोलावलं. त्यांनी डब्याला कान लावला, डोळे मिटले. मग म्हणाले, "भाभी, हार्डडिस्क थकलीय. आज जाईल नाहीतर वर्षाने जाईल. बाहेरची एक डिस्क घ्या आणि सगळ्याचा बॅकअप करा."

बारा वर्षांचं काम आहे त्यात. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, वाढदिवसाचे फ्लेक्स, श्रद्धांजलीचे फ्लेक्स. गावात कुणीही जन्मलं, नांदायला गेलं की वर गेलं — आमच्या मधल्या खोलीतून जातं.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "बसून बसून त्या मशीनला पन दुखनं लागलं." त्यांच्या मते मी बारा वर्षं नुसती बसलेली आहे.

४ एप्रिल, शुक्रवार

डिस्क घेतली नाही. स्नेहल पुण्याहून म्हणाली, "मम्मी, डिस्क वगैरे जुनं झालं. गूगल ड्राइव्हवर मी जागा विकत घेते, तिकडे टाक सगळं." तिने तिकडून बसूनच माझा कॉम्प्युटर हातात घेतला. माझा हात मांडीवर आणि पडद्यावर बाण आपोआप पळतोय! आत्या घाबरल्या.

"कोन हाय गं त्यात?"

"स्नेहल आहे, आत्या. पुण्यातून करतेय."

"मग तिला इचार, जेवली का."

जाता जाता पोरगी म्हणाली, "आता इकडे जे असेल तेच तिकडे असेल, लक्षात ठेव." हो म्हटलं. कळलं असंच वाटलं.

६ एप्रिल, रविवार

दिवसभर फोल्डर आवरले. ‘तयार’पाशी आले आणि दार लोटून घेतलं.

हे फक्त इथे लिहिते. ‘तयार’मध्ये गावातल्या एकतीस म्हाताऱ्या माणसांचे श्रद्धांजलीचे फ्लेक्स आहेत. सगळी जिवंत आहेत. पण माणूस गेलं की तासाभरात चारजण दारात उभे राहतात, चौकात फ्लेक्स दुपारच्या आत लागला पाहिजे, आणि फोटो म्हणून देतात काय — लग्नातला ग्रुप फोटो! एका आजोबांच्या खांद्यावर भलत्याच बाईचा हात राहून गेला होता. तीन दिवस तो हात चौकात होता. तेव्हापासून मी चांगले फोटो जमवायला लागले. मग त्यात नाव, फुलं, समई, खाली "शोकाकुल" आणि मुलगे, पुतणे, नातू यांची यादी. सुनालेकींची नावं घालायची पद्धत नाही, त्या "समस्त परिवारा"त येतात. तारखेची जागा मोकळी.

दळण संपायच्या आधी दळून ठेवतो, तसं आहे हे. त्यात वाईट काही नाही. तरी दार लोटलं.

जिल्ह्याचं नाव बदललं म्हणून एकेकात अहिल्यानगर टाकत गेले. तीस झाले. एकतिसावं आत्यांचं — २०२१ च्या मे महिन्यातलं. ते उघडलं नाही. त्यात अहमदनगरच राहू दे.

८ एप्रिल, मंगळवार

मेलमधले फोटोवाले जुने मेल उडवले. चार हजार! सगळं ड्राइव्हवर जाणारच आहे. अंग हलकं झालं.

१३ एप्रिल, रविवार

यात्रा. पुरणपोळ्या, पाहुणे, कुस्त्या. तीनशे फोटो काढले. पायांचे तुकडे पडले.

१४ एप्रिल, सोमवार

यात्रेच्या फोटोंचा फोल्डर दरवर्षी गावाला खुला असतो, लिंक गावच्या ग्रुपवर. कॉम्प्युटरची कडकड वाढली म्हणून घाई केली — यात्रेचे फोटो टाकले, उरलेले फोल्डरही भराभर ओढून ड्राइव्हवर सोडले. ग्रुपवर लिहिलं, "फोटो तयार आहेत, सर्वांनी बघावेत." बावीस अंगठे आले.

बॅकअप पूर्ण! आता हार्डडिस्क खुशाल मरो.

१५ एप्रिल, मंगळवार

मेले मी!

सकाळी आठला कारभारी तात्या दारात. वय अठ्ठ्याहत्तर, सोसायटीचे माजी चेअरमन. हातात मोबाईल. शांतपणे विचारतात, "ज्योती, मी कवा गेलो गं?"

मोबाईलमध्ये तात्या. झेंडूत. दोन्ही बाजूंना समया.

‘तयार’ मी यात्रेच्या फोल्डरमध्ये सोडलं होतं. सगळ्यात वर! आणि मीच लिहिलं होतं, फोटो तयार आहेत. दोनशे चाळीस माणसांनी यात्रेचे फोटो समजून आधी तेच उघडलं. एकतीस जिवंत माणसं, एकेक हार घातलेलं.

तात्यांना पाटावर बसवलं की ओट्यावर, आठवत नाही. धावत जाऊन ‘तयार’ डिलीट केलं. मग आठवलं की डिलीट केलेलं कचऱ्यात जाऊन बसतं. म्हणून कचराही रिकामा केला. माझ्या घरात शिळा कचरा राहत नाही!

इतक्यात आत्या देवळातून आल्या. देवळाच्या पायरीवर बायकांनी दाखवलं असणार. फुलांची परडी ठेवली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि गोठ्याकडे गेल्या.

ते बघणं लिहिता येत नाही.

१६ एप्रिल, बुधवार

स्नेहलला फोन केला. ती आधी हसली, पाच मिनिटं. मग म्हणाली, "मम्मी, कॉम्प्युटरमधलं बघ." बघितलं. कॉम्प्युटरमधूनही ‘तयार’ गायब! "तुला सांगितलं होतं ना, इकडे असेल तेच तिकडे. तिकडे नाही तर इकडेही नाही. कचऱ्यातून काढ." कचरा रिकामा. "मग मेलमधून मूळ फोटो काढ." मेलही रिकामा.

म्हणजे बॅकअप घेण्याआधी माझ्याकडे सगळं होतं. बॅकअप घेतल्यावर काही नाही.

नगरहून मोठ्या भाऊजींचा, सहादेव भाऊजींचा फोन. "ज्योती, आई जिवंत असताना? शोभतं का तुला?" मान खाली घालून ऐकलं. तासाभराने परत फोन — "ते, माझं नाव वर आहे ते बरोबर आहे. पण पुढं युवा उद्योजक टाकता आलं तर बघ." वय बावन्न! नागापूरला दोन लेथ मशीन!

हे शिफ्टवरून आले, ऐकून घेतलं, हसू दाबत जेवले. मग आत्यांच्या ताटाकडे बघितलं आणि त्यांचंही हसू गेलं. आत्यांनी अर्धी भाकरी तशीच ठेवली होती.

१७ एप्रिल, गुरुवार

आत्या बोलल्या नाहीत.

१८ एप्रिल, शुक्रवार

नाहीत. चहा घेतात, कप धुऊन ठेवतात. स्वतः धुतात! एकोणीस वर्षांत कधी धुतला नव्हता. मशीनला नावं ठेवली असती, मीठ जास्त झालं म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं. घरात एवढी शांतता मला सोसत नाही.

त्यांना वाटत असेल, सून आपल्या मरणाची वाट बघत बसलीय. कुणालाही वाटेल.

२० एप्रिल, रविवार

तात्या परत आले. मला वाटलं, आता पंचायत बसवणार. तर पिशवीतून फोटो काढला — फेट्यातला. "हा टाक. त्यातला मी लई मरतुकडा दिसतो. आन ‘प्रगतशील शेतकरी’ राहिलंय बघ."

"तात्या, फाईलच गेली हो. डिलीट झाली."

"कशी जाईल? माझ्या मोबाईलात हाय की. मी त्याच दिशी सेव केलंय." आणि जाताना, "तारीख तेवढी मोकळी ठेव. घाई न्हाई."

बसल्या जागी ताठ झाले! ज्याचा फ्लेक्स त्याच्याकडे असणारच. स्वतःचा कोण सोडेल? भीत भीत ग्रुपवर लिहिलं — झालेल्या चुकीबद्दल क्षमा, ज्यांनी फोटो उतरवून घेतले त्यांनी कृपया पाठवावेत, दुरुस्त्या करून देईन. संध्याकाळपर्यंत चौदा आले! दुरुस्त्यांसकट. एकाला थोरल्या जावयाचं नाव हवंय, एकाला धाकट्याचं काढायचंय. चांदबी चाचींना गुलाब हवेत, झेंडू नको.

गाव म्हणजे माझी बाहेरची डिस्क निघालं.

२१ एप्रिल, सोमवार

छबूबाई भांडायला आल्या. वय ऐंशी, काठी आपटत. मी पाया पडायलाच वाकले. तर म्हणतात, "समद्यांचं केलंस, माझंच का न्हाई? मी काय तुमच्या गावात ऱ्हात न्हाई का?"

म्हटलं, काकू, तुमचा फोटोच नव्हता.

"मग काढ की! बसलेय मी." ओट्यावर बसल्या, पदर सारखा केला. आठ फोटो काढले तेव्हा एक पसंत पडला.

आत्या खिडकीतून बघत होत्या. छबूबाईंनी हाक मारली तरी बाहेर आल्या नाहीत.

२३ एप्रिल, बुधवार

तीस आले. एकतिसावं आलेलं नाही. मागायचं कुणाकडे?

ते गेलं तर गेलं. पण कसं केलं होतं ते आज लिहूनच टाकते. कोरोनात आत्या नगरच्या दवाखान्यात होत्या, नाकात नळी. आत कुणाला सोडत नव्हते. हे गेटबाहेर बसायचे, मी घरी. त्या आठवड्यात मी गावातले अकरा फ्लेक्स केले होते. दुपारी फोन आला की आज काही सांगता येत नाही. मी उठले आणि कॉम्प्युटर लावला. घाईत कुणीतरी ग्रुप फोटोतून आत्यांना कापून काढेल, ते मला चालणार नव्हतं. आणि छत्री घेऊन निघालं की पाऊस येत नाही, तसंही काहीतरी डोक्यात होतं. नथीतला फोटो घेतला. एकेक फूल वेगळं लावलं. पडदा दिसत नव्हता इतकी रडत होते.

चौदाव्या दिवशी आत्या घरी आल्या आणि म्हणाल्या, भाकरी जाड झाल्यात. कुणाची दृष्ट लागू नये असं मला वाटलं. फाईल उडवायची हिंमत झाली नाही. उडवली आणि काही झालं तर?

२५ एप्रिल, शुक्रवार

आज सांगितलं. आत्या शेंगा फोडत होत्या, समोर जाऊन बसले आणि वरचं सगळं सांगून टाकलं. त्या शेंगा फोडत राहिल्या. म्हटलं, आत्या, मला बोला, शिव्या द्या, पण बोला.

मांडीवरची टरफलं झटकली. मग — "मनमिळावू कुनाला लिवलंस गं?"

"तुम्हाला."

"काढ ते. लोकं हसतील."

दहा दिवसांनी! मी हसायला लागले आणि रडायलाही. "आता चहा टाक," म्हणाल्या. "आन पानी कमी घाल."

पण तोंडावरचा राग तसाच होता. कप परत त्यांनीच धुतला. म्हणजे अजून काहीतरी आहे.

२६ एप्रिल, शनिवार

आसिफभाईंकडून डिस्क आणली. गपगुमान.

२७ एप्रिल, रविवार

जेवणं झाल्यावर आत्यांनी त्यांचा मोबाईल माझ्यापुढे ठेवला. एकतिसावं! पंधरा तारखेलाच पायरीवर बसून मागवून घेतलं होतं. बोट "शोकाकुल"खालच्या नावांवर — दोघं मुलगे आणि नातू. "सहादेव. आदिनाथ. ओम. ह्यात तू कुटं हायेस?"

म्हटलं, सुनांची नावं घालत नाहीत, आत्या.

"मी मेले त्याचा राग न्हाई आला मला. रडनार तू, आन नाव सहादेवाचं? पयलं तुझं टाक."

टाकलं. सगळ्यात वर. आता कॉम्प्युटरमध्ये, डिस्कवर आणि आत्यांच्या मोबाईलमध्ये — तीन ठिकाणी आहे. तारीख मोकळी.