आधी पाहुणे जेवले

डार्मश्टाट, मंगळवार

इराला शाळेत इतिहासाला सध्या अमेरिकेत पहिल्यांदा पोचलेल्या खलाशांच्या रोजनिश्या आहेत. संध्याकाळी एक उतारा घेऊन ती ओट्यापाशी आली. नदीकाठच्या लोकांनी गोऱ्यांना भाजलेले मासे वाढले, स्वतः मात्र एक घास खाल्ला नाही, नुसते उभे राहिले. कप्तानानं लिहून टाकलं, हे आपल्याला घाबरतात.

मी म्हटलं, "घाबरतात कसले! पाहुण्यांचं झाल्याशिवाय घरचे बसतील कसे?"

इरानं नेहमीसारखं जर्मनमध्येच विचारलं, "पुरावा काय, आई?"

पुरावा कुठून आणू? कदाचित घाबरलेही असतील. पण त्यांचं ते उभं राहणं काही डोक्यातून जाईना.

मग रविवार आठवला. शेजारच्या फ्राऊ केलर जेवायला आल्या होत्या. मी तव्यावरची पोळी थेट पानात वाढत उभी. त्यांनी दोनदा मला बसायला सांगितलं, आणि मग जेवत बसलेल्या माझ्या नवऱ्याकडे जरा रोखूनच बघितलं. तेव्हा कळलं नाही. आणि त्या रोज डायरी लिहितात!

इराला विचारलं, "त्या नदीकाठच्यांनी काही लिहून ठेवलंय का गं?"

"नाइन, नाही. फक्त कप्तानाचं आहे."

म्हणून मी लिहून ठेवते. रविवारी मी उभी होते ते पोळ्या गरम मिळाव्यात म्हणून. नवऱ्याला मी घाबरत नाही.

पण घरचे पाहुण्यांनंतर जेवतात ना? मग तो कसा बसला होता?